गावाला पोलीस ठाणे हवे का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गावात आठ दिवसांत तीन चोऱ्या झाल्या. आधी ओढ्याकाठच्या विहिरीवरची विजेची मोटार गेली. चार दिवसांनी माळावरच्या वस्तीवरून एका म्हातारीच्या शेळ्या गेल्या. तिसरी चोरी तर ऐन गावात झाली. वरच्या आळीतले एक कुटुंब लग्नाला गेले होते. चोराने मागच्या बाजूची कौले काढली, आत उतरला आणि पेटीतले दागिने घेऊन गेला. शेजारीपाजारी घोरत पडले होते.

गाव हादरले. बायका सांजच्या पाण्याला एकट्या जाईनात. म्हातारी माणसे रात्रभर खोकत जागी राहू लागली. मग ग्रामसभा बोलाविली. एरवी ग्रामसभेला तीस-चाळीस माणसे जमतात. त्या दिवशी देवळाचा मंडप भरून बाहेर पारापर्यंत माणसे बसली.

सगळ्यांचे म्हणणे एकच. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे पाहिजे.

"बावीस किलोमीटरवर ठाणं असून काय उपयोग? पोलीस येईस्तोवर चोर पार मुंबईला पोचतोय," एक तरुण म्हणाला.

दुसरा म्हणाला, "ठाणं नाही दिलं तर आपलीच पोरं नेमू. गावाचा पोलीस गावानंच ठेवायचा. पगार ग्रामपंचायत देईल."

टाळ्या पडल्या. सरपंचबाईंनी आमच्याकडे पाहिले. "गुरुजी, अर्ज तुम्हीच लिहा. तुमचं अक्षर साहेबांना वाचता येतं."

आम्ही म्हणालो, "लिहितो. पण आम्हाला चार दिवस द्या. काय मागायचे ते आधी कळू द्या."

काही मंडळींना हे आवडले नाही. मास्तर माणूस, प्रत्येक गोष्टीचा अभ्यास करीत बसतो, असे कोणी पुटपुटलेही. ते खरेच आहे. या चार दिवसांत आम्ही जे वाचले, विचारले आणि आठवले, तेच या धड्यात लिहिले आहे.

पहिल्यांदा हिशेब मांडू. आमच्या गावची वस्ती अठराशे. समजा, गावात रात्रंदिवस एक पोलीस हजर ठेवायचा. दिवसाचे तास चोवीस. एका माणसाने आठ तास काम केले तर दिवसाला तीन पाळ्या होतात. आठवड्याला एकवीस पाळ्या. एक माणूस सहा दिवस काम करून एक दिवस सुटी घेईल, म्हणजे त्याच्या वाट्याला सहा पाळ्या येतील. एकवीस भागिले सहा, साडेतीन माणसे. पण पोलीस आजारी पडतो, रजेवर जातो, कोर्टात साक्षीला जातो, यात्रेच्या बंदोबस्ताला जातो. म्हणून पाच माणसे धरा. पाच माणसे ठेवावीत तेव्हा कुठे गावात सदैव एक पोलीस दिसेल! आणि रात्रीच्या वेळी चोराच्या मागे एकटा माणूस पाठविता येत नाही. दोघे तरी हवेत. म्हणजे झाली दहा माणसे.

एका माणसाचा पगार महिन्याला चाळीस हजार रुपये धरू. दहा माणसांचे चार लाख. वर्षाचे अठ्ठेचाळीस लाख. शिवाय खोली, गाडी, तेल, वीज, कागद. आता आपल्या ग्रामसेवकांना विचारा की गावची घरपट्टी आणि पाणीपट्टी मिळून वर्षाला किती जमा होते. आम्ही विचारले. आकडा येथे लिहीत नाही, पण ग्रामसेवक हसले एवढे सांगतो.

कोणी म्हणेल, पैसे सरकारने द्यावेत. बरे, सरकारने द्यावेत. महाराष्ट्रात वस्ती असलेली गावे ४० हजारांहून जास्त आहेत. पोलीस ठाणी आहेत हजार-बाराशे. प्रत्येक गावाला ठाणे द्यायचे तर आज आहेत त्यांच्या तीस-चाळीस पट लागतील. आणि वर्षातले साडेतीनशे दिवस त्यातल्या पुष्कळ ठाण्यांत माशा मारण्यापलीकडे काम राहणार नाही.

राहिला दुसरा मार्ग, गावाने आपला पोलीस आपणच नेमायचा. आपल्या देशात तसे करता येत नाही. राज्यघटनेप्रमाणे पोलीस हा विषय राज्य सरकारचा आहे. ग्रामपंचायत दिवाबत्ती करू शकते, नळ देऊ शकते, रस्ता झाडू शकते. पोलीस नेमू शकत नाही. रखवालदार ठेवता येईल, पण त्याला अटक करण्याचा, झडती घेण्याचा पोलिसाचा अधिकार मिळणार नाही.

जगात मात्र असे देश आहेत की जेथे लहान गावेसुद्धा स्वतःचे पोलीस ठेवतात. अमेरिकेत हे फार आहे. तेथील जवळजवळ निम्म्या स्थानिक पोलीस खात्यांत दहापेक्षा कमी शिपाई आहेत. काही ठिकाणी तर एकच. त्या पद्धतीचे गुण आहेत. शिपाई गावातला, ओळखीचा, हाकेच्या अंतरावरचा. पण एक गोष्ट ऐका.

अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे. तेथे न्यू रोम नावाचे एक गाव होते. वस्ती किती? अवघी साठ! आमच्या एका आळीत यापेक्षा जास्त माणसे राहतात. त्या साठ माणसांच्या गावाने चौदा पोलीस ठेवले होते. एवढ्या पोलिसांना पगार कोठून देणार? गावातून मोठ्या शहराकडे जाणारा हमरस्ता होता. गावाने आपल्या हद्दीत वेगाची मर्यादा एकदम कमी केली. परगावची गाडी जरा जोरात आली की पोलीस अडवीत आणि दंड करीत. दिवा फुटला, दंड. पाटीवर धूळ, दंड. गावाचा जवळजवळ सगळा खर्च या दंडावर चाले. पोलीस गावाचे रक्षण करण्यासाठी राहिलेच नाहीत, पोलिसांचे पोट भरण्यासाठी गाव उरले. अखेर २००४ साली न्यायालयाने ते गावच मोडीत काढले. आज न्यू रोम नावाचे गाव नाही.

ही गोष्ट आम्ही पारावर सांगितली तेव्हा सगळे हसले. एक म्हातारे बाबा मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "गुरुजी, गावचा पोलीस आपल्याकडंबी व्हता की."

बाबांचे खरे होते. आपल्याकडे गावची राखण पूर्वी गावच करीत असे. पाटील हा गावचा मुख्य. वसुली तोच पाही आणि चोराचिलटाचा बंदोबस्तही तोच करी. त्याच्या हाताखाली वेशीवर महार असे, रात्री फिरायला रामोशी जागल्या असे. चोरी झाली की रामोशी पावलांचा माग काढीत निघे. माग दुसऱ्या गावच्या शिवेत शिरला की जबाबदारी त्या गावावर जाई. मागच लागला नाही तर गेलेल्या मालाची भरपाई जागल्याकडून किंवा गावाकडून मागितली जाई. इंग्रजांनी पेशव्यांचे राज्य घेतले तेव्हा एल्फिन्स्टन साहेबाने १८१९ साली अहवाल लिहिला. त्यातसुद्धा ही पद्धत सांगितली आहे.

ऐकायला हे छान वाटते. पण ती राखण कोणाच्या जिवावर चाले ते पाहा. जो महार रात्रभर वेस सांभाळी, त्याला सकाळी गावच्या विहिरीचे पाणी मिळत नसे. सांगावा आला की घरात आजारी माणूस टाकून त्याला धावावे लागे. मोबदला म्हणजे थोडी वतनाची जमीन आणि दारोदारची भाकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले. ती वतने संपायला पुढे १९५८ चा कायदा यावा लागला.

रामोशांचे काय झाले? राज्य बदलले, त्यांचे हक्क गेले. त्यांच्यातलाच उमाजी नाईक इंग्रजांविरुद्ध उठला. १८३२ साली पुण्यात त्याला फाशी दिले. पुढे १८७१ साली इंग्रजांनी असा कायदा केला की काही जमाती जन्मानेच गुन्हेगार. त्या जमातींत मूल जन्मले की सरकारी वहीत ते चोर! हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण वहीतून गेले तरी मनातून गेले का?

येथे आम्हाला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. सांगायला जड जाते. तरी सांगतो.

१९९८ साल. आम्ही तेव्हा शेजारच्या तालुक्यातल्या एका लहान गावी शाळेवर होतो. मुलांना वाटण्यासाठी सरकारी तांदूळ येई. एका सकाळी खोली उघडली तो दोन पोती गायब! कुलूप जागच्या जागी. आम्ही घाबरलो. तांदूळ सरकारचा, जबाबदारी आमची. गाव जमले. "कोणावर संशय आहे, गुरुजी?" असे विचारले. ओढ्यापलीकडे महिनाभर पारध्यांची चार पाले पडलेली होती. त्यातला एक मुलगा आमच्याच शाळेत तिसरीत बसत असे. आम्ही म्हणालो, "नक्की कसे सांगणार? पण ते लोक आहेत खरे तिथे." एवढेच म्हणालो. पण मास्तर म्हणाले म्हणजे झाले.

त्या रात्री गावची पोरे काठ्या घेऊन ओढ्यापलीकडे गेली. पाले मोडली, चुली फोडल्या, एका म्हाताऱ्याचा हात मोडला. सकाळी तेथे राख आणि फाटकी गोधडी राहिली होती. तांदूळ मात्र सापडला नाही.

दोन दिवसांनी ठाण्यावरून एक हवालदार आला. लांबच्या जिल्ह्यातला माणूस. त्याला गावातले कोणी ओळखीचे नव्हते. त्याने कुलूप हातात घेऊन पाहिले आणि आम्हाला विचारले, "गुरुजी, कुलूप तोडलेलं नाही. किल्ल्या किती?" आम्ही म्हणालो, "दोन." एक आमच्या कनवटीला. दुसरी शाळेच्या समितीवरच्या एका बड्या असामीकडे. हवालदार सरळ त्या वाड्यावर गेला. गोठ्यात, कडब्याखाली, दोन्ही पोती होती.

आता विचार करा. हा हवालदार त्या गावचाच असता, गावच्या पैशाने पोसलेला असता, त्या बड्या असामीने नेमलेला असता, तर तो त्या गोठ्यात शिरला असता का? आम्ही तेथे आठ वर्षे राहिलो होतो. दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे आम्हाला ठाऊक होते. तरी तो वाडा आमच्या मनात आला नाही. आम्हाला ओढाच दिसला.

तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आम्ही वर्षभर गैरहजेरीची खूण करीत राहिलो.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की पोलीस जवळ असावा, पण गावाच्या मुठीत नसावा. गावातल्या दुबळ्या माणसाला गावाबाहेर एक दार उघडे असले पाहिजे. सुनेला जाळले, एखाद्याला पाण्यावरून मारले, कोणाचा बांध रेटला, तर अशा वेळी गावातच न्याय मागायचा तर मारणाराच न्याय देणारा असतो. याचा अर्थ असा नव्हे की ठाण्यात सगळे देवमाणूस बसतात. आम्हालाही एका ठाण्यात चार तास बाकावर बसवून ठेवले होते आणि शेवटी "उद्या या" म्हणून सांगितले. दूरचा पोलीस दूर राहतो, हा दोष आहेच. पण त्या दोषावर तोड काढता येते.

आपली पोरे नेमू, गस्त घालू, असे म्हणणाऱ्यांनी आणखी दोन दिवस आठवावेत.

पहिला दिवस १ जुलै २०१८. रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. मुले पळविणारी टोळी आली आहे अशी अफवा मोबाईलवर फिरत होती. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तेथे आले होते. जमावाने त्यांना घेरले. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मारले. पाचही जण मेले. टोळी नव्हतीच.

दुसरा दिवस १६ एप्रिल २०२०. करोनाची टाळेबंदी होती. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावाच्या भागात चोर फिरतात, मुले पळवितात अशी आवई उठली होती. लोक रात्री जागत होते. दोन साधू आणि त्यांचा चालक मोटारीतून गुजरातकडे एका अंत्यविधीला निघाले होते. जमावाने गाडी अडविली. पोलीस आले. पण पोलीस मूठभर आणि जमाव मोठा. पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना ठार केले.

या दोन्ही गावांतली माणसे आपल्यासारखीच. कष्ट करणारी, मुलांवर माया करणारी. आपण गावाचे रक्षण करतो आहोत असेच त्यांना वाटत होते. मागून खटले झाले, धरपकड झाली, घरचे कर्ते पुरुष तुरुंगात गेले.

तेव्हा गस्त घालू नये का? घालावी. पण काही गोष्टी पाळून. गस्तीवाल्यांची नावे पोलीस पाटलाकडे आणि ठाण्यात लिहून द्यावीत. हातात विजेरी आणि शिट्टी असावी. अनोळखी माणूस दिसला तर नावगाव विचारावे आणि ठाण्याला कळवावे. हात उगारू नये. डोळ्यांसमोर मोठा गुन्हा करताना कोणी सापडला तर सामान्य माणसालाही त्याला धरता येते. पण नव्या कायद्याने सांगितले आहे की धरलेला माणूस सहा तासांच्या आत पोलिसांच्या स्वाधीन केला पाहिजे. धरणे आणि मारणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता जे आपल्याजवळ आधीच आहे त्याकडे वळू. ग्रामसभेत त्याचे नावही कोणी काढले नाही. आम्ही म्हणतो ते पोलीस पाटील.

जुना पाटील वंशपरंपरेचा. बापामागून मुलगा. मुलकी पाटलाचे ते पद १९६२ च्या कायद्याने गेले. पुढे महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम १९६७ हा कायदा झाला. अधिनियम म्हणजे कायदाच. त्याप्रमाणे आज पोलीस पाटील नेमतात. हे पद कोणाच्या घराण्याचे नाही. गावचा रहिवासी, दहावी पास, वय पंचवीस ते पंचेचाळीस असा कोणीही माणूस अर्ज करू शकतो. बाईमाणूसही करू शकते. परीक्षा होते आणि प्रांतसाहेब नेमणूक करतात. साठाव्या वर्षापर्यंत काम करता येते. महिन्याला पंधरा हजार रुपये मानधन देण्याचा निर्णय सरकारने मार्च २०२४ मध्ये केला.

त्याचे काम काय? गावात गुन्हा होऊ नये म्हणून डोळे उघडे ठेवणे. झाला तर ताबडतोब ठाण्याला कळविणे. पोलीस येईपर्यंत जागा जशीच्या तशी राखणे. कोणी संशयास्पद रीतीने मेले तर पंचनाम्याची तजवीज करणे. गावची खबर, रोगराईसुद्धा, वर कळविणे. म्हणजे पाहा, ठाणे बावीस किलोमीटरवर असले तरी त्याचा एक कान गावात आहे.

आमच्या गावी तीन वर्षे पोलीस पाटील-बाई आहेत. चोरी झाली त्या रात्री त्यांना कोणी उठविलेच नाही! सकाळी नऊ वाजता त्यांना नळावर बातमी कळली. तोवर निम्मा गाव त्या घरात फिरून आला होता. चोराच्या पावलांवर दोनशे पावले उमटली होती. पोलीस काय हुडकणार? बाईंना आम्ही कारण विचारले. त्या म्हणाल्या, "गुरुजी, लोकं मला दाखल्यापुरतीच वळखतात."

दुसरा माणूस बीट अंमलदार. ठाण्याच्या हद्दीचे भाग पाडतात, त्या भागाला बीट म्हणतात. प्रत्येक बीटला एक अंमलदार असतो. आपल्या गावाचा अंमलदार कोण, हे ग्रामसभेतल्या एकालाही सांगता आले नाही. ठाण्यावर जाऊन विचारले तर दोन मिनिटांत कळले.

तिसरी गोष्ट ११२ हा क्रमांक. कोणत्याही फोनवरून फुकट लागतो. अंगावर बेतले असेल तर आधी हा फिरवावा. उगाच गंमत म्हणून फिरवू नये.

चौथी, तंटामुक्त गाव समिती. ही मोहीम राज्यात १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झाली. बांध, पाणी, जनावर पिकात शिरणे, भावाभावांचे बोलणे, असे तंटे समोपचाराने मिटवावेत यासाठी ती आहे. चांगली सोय आहे. पण बाईच्या अब्रूवर घाला, जातीवरून मारहाण, खून, दरोडा हे प्रकार पारावर मिटवायचे नसतात. तसे मिटविणारी समिती स्वतःच गुन्ह्यात सापडेल.

एवढे सगळे असून आपले अडते कोठे? आमच्या मते फिर्याद देण्यात. मोटार गेली त्याने फिर्याद दिली नव्हती. म्हातारीनेही दिली नव्हती. "बावीस किलोमीटर कोन जातोय? आनि जाऊन बोलायचं कसं?" असे ती म्हणाली. जेथे चोरीची नोंदच नाही तेथे वहीत गाव शांत. वहीत शांत असलेल्या गावाला पोलीस कोण देईल? तेव्हा हे नीट वाचा.

१ जुलै २०२४ पासून आपल्या देशात नवे फौजदारी कायदे लागू झाले आहेत. त्यांतल्या नागरिक सुरक्षा संहितेत फिर्यादीची पद्धत दिली आहे. फिर्याद तोंडीसुद्धा देता येते. तुम्ही बोलायचे, पोलिसाने लिहायचे. लिहून झाले की त्याने ते तुम्हाला वाचून दाखविले पाहिजे. मग सही. नोंदलेल्या फिर्यादीची एक प्रत तुम्हाला फुकट मिळाली पाहिजे. ती मागून घ्या आणि घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतला आहे म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही. कोणत्याही ठाण्यात नोंद होते आणि तेथून ती योग्य ठाण्याकडे जाते. ठाण्याने नोंद करण्यास नकार दिला तर तीच हकीकत कागदावर लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी. तेथेही काही झाले नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे कोर्टात, जाता येते.

दोन शब्द समजून घ्या. दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस आपण होऊन तपास करतात. अदखलपात्र गुन्ह्यात ते फक्त नोंद करतात, तपासाला कोर्टाचा हुकूम लागतो. पाच हजार रुपयांच्या आतल्या मालाची साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र धरली आहे. म्हणून गेलेल्या वस्तूची खरी किंमत सांगावी. फुगवूही नये, कमीही सांगू नये. फिर्यादीला उशीर झाला असेल तर का झाला तेही सांगावे. चोर पाहिला नसेल तर पाहिला नाही असेच सांगावे. शेजाऱ्याशी बांधाचे भांडण आहे म्हणून त्याचे नाव घुसडू नये. आम्ही नुसता ओढा दाखविला होता, त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

चार दिवस संपले. ग्रामसभा पुन्हा भरली. आम्ही हे सारे सांगितले. सगळ्यांना पटले असे नाही. तो पहिला तरुण अजूनही म्हणतो की ठाणे झालेच पाहिजे. त्याचे सगळेच चूक नाही. आमच्या आसपासची अकरा गावे मिळून वस्ती वीस हजारांवर जाते. एवढ्या वस्तीसाठी मधल्या बाजाराच्या गावी एक पोलीस दूरक्षेत्र, म्हणजे ठाण्याची लहान चौकी, मागणे रास्त आहे. अर्ज तसाच लिहिला. अकराही ग्रामपंचायतींचे ठराव जोडले. दुसरी मागणी लिहिली ती ही, की बीट अंमलदाराने दर आठवड्याला ठरलेल्या वारी गावात येऊन एक तास बसावे. त्याचे नाव आणि वार ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा. वार ठरला गुरुवार. आजवर पंधरा गुरुवारांपैकी अकरा गुरुवारी तो आला आहे. आम्ही मोजतो. फळ्यावर खूणही करतो.

मग आम्ही त्या म्हातारीला घेऊन एस.टी.ने तालुक्याला गेलो. पोलीस पाटील-बाई बरोबर होत्या. ही म्हातारी दोन वर्षे आमच्या रात्रीच्या वर्गाला येते. जोडाक्षरे अजून अडतात, पण आकडे पक्के आहेत. अंमलदाराने तिची हकीकत विचारली, संगणकावर लिहिली, कागद छापून काढला आणि भरभर वाचून दाखविला. "करा सही, आजी."

म्हातारी म्हणाली, "थांबा जरा. मी वाचते."

मागे चार माणसे उभी होती. अंमलदार घड्याळाकडे पाहू लागला. ती ओळीखाली बोट धरून वाचत राहिली. पाच-सात मिनिटे गेली. मग बोट एका जागी थांबले.

"साहेब, हितं दोन शेळ्या लिवल्यात. माझ्या तीन गेल्या. तिसरी गाभण व्हती."

अंमलदाराने कागद घेतला, पाहिला आणि काही न बोलता दुसरा काढून दिला. तिने तोही पहिल्यापासून वाचला. मग सही केली. प्रत घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली.

शेळ्या अजून सापडलेल्या नाहीत. दर गुरुवारी ती प्रत घेऊन म्हातारी ग्रामपंचायतीत येते आणि अंमलदाराला विचारते.